स्वस्त सूड

नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र विधानसभेचा जो निकाल लागला, त्यातील एक गोष्ट चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांच्या दृष्टीने विशेष होती. तिची चर्चा मात्र फारशी झाली नाही. मावळत्या विधानसभेतील विरोधी पक्षनेते विजय वडेट्टीवार हे ब्रह्मपुरीचे आमदार. म्हणजे राज्याच्या सत्तेला सभागृहात अधिकृतपणे जाब विचारण्याचे आसन त्या वेळी या प्रदेशाकडे होते. वडेट्टीवार पुन्हा निवडून आले. आसन मात्र उरले नाही. २८८ पैकी २३० जागा तीन पक्षांच्या सत्ताधारी आघाडीने जिंकल्या. त्यांतील १३२ एकट्या भारतीय जनता पक्षाच्या होत्या. विरोधकांपैकी एकाही पक्षाला एकदशांश जागा मिळाल्या नाहीत, आणि त्या संकेतावर बोट ठेवून नव्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्याचे पद रिकामे राहिले. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस विधान परिषदेतील विरोधी पक्षनेत्याचीही मुदत संपली.

मतदारांनी दिलेले बहुमत हे बहुमतच असते. त्याविषयी कुरकुर करणे लोकशाहीवाद्यांना शोभत नाही. याच मतदारांनी पाच महिने आधी चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर हे दोन्ही लोकसभा मतदारसंघ काँग्रेसला दिले होते, आणि नोव्हेंबरात दोन्ही जिल्ह्यांतील विधानसभेच्या नऊपैकी सात जागा सत्ताधारी आघाडीला दिल्या. लोक आपला कौल बदलतात, बदलू शकतात, ही आश्वासक गोष्ट आहे. चिंतेचे कारण निराळे आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी गडचिरोलीचे पालकमंत्रिपद स्वतःकडे घेतले. गृह खाते आणि विधि व न्याय खाते त्यांच्याकडेच होते. म्हणजे जिल्ह्याच्या नियोजनाचा पैसा, जिल्ह्याचे पोलीस आणि सरकारी वकिलांचे खाते या तिन्ही गोष्टींच्या फायली अखेर एकाच मेजावर जाणार. मागास जिल्ह्याला मुख्यमंत्र्यांचे प्रत्यक्ष लक्ष लाभावे, हा त्यामागील हेतू प्रामाणिक असू शकतो, आणि दुर्लक्षाची सवय झालेल्या अनेकांनी त्याचे स्वागतही केले. परंतु लोकशाहीतील अंकुश हेतूंच्या परीक्षेसाठी नसतातच. हेतू बदलले, किंवा माणूस बदलला, तर काय, या प्रश्नासाठी ते असतात.

शासनदरबारी गडचिरोली हे नाव कित्येक वर्षे एका वेगळ्याच अर्थाने उच्चारले गेले आहे. नको असलेल्या अधिकाऱ्याला ‘गडचिरोलीला पाठवीन’ अशी तंबी देणे ही मंत्रालयातील जुनी रीत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला, तो आदिवासी भागाकडे शासनाला अधिक जवळून पाहता यावे म्हणून. आणि त्याच शासनाने तो शिक्षेची बदली देण्यासाठी वापरला. राज्यकर्ता रागावला की माणसाला जेथे धाडतो, तेथे आधीपासून राहणाऱ्या माणसांविषयी त्याच्या मनात काय भाव असेल, हे निराळे सांगायला नको. सूडाचे राजकारण या जंगलाला नवे नाही. हे जंगलच सूडाचे एक साधन होऊन बसले होते.

सूड ही भावना आहे असे आपण मानतो. व्यक्तीच्या बाबतीत ते खरे असेल. राज्यसंस्थेच्या हातून घडणाऱ्या सूडाला मात्र भावनेपेक्षा हिशेबच अधिक लागू पडतो. कोणत्याही क्रियेला जशी किंमत असते, तशी सूडालाही असते, आणि ती सूड घेणाऱ्याला मोजावी लागते. मुंबईत एखाद्या विरोधी नेत्याला अटक केली की वृत्तपत्रांचे मथळे, नामवंत वकिलांची फौज, न्यायालयाचे ताशेरे आणि सहानुभूतीची लाट या रूपाने ती किंमत लगेच समोर येते. संजय राऊत यांना ऑगस्ट २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने अटक केली. नोव्हेंबरात जामीन देताना विशेष न्यायालयाने ती अटकच बेकायदेशीर ठरवली. अनिल देशमुख नोव्हेंबर २०२१ पासून वर्षाहून अधिक काळ तुरुंगात होते. त्याआधी महाविकास आघाडीचे राज्य असताना, ऑगस्ट २०२१ मध्ये, केंद्रीय मंत्री नारायण राणे यांना मुख्यमंत्र्यांविषयीच्या एका वाक्यासाठी अटक झाली आणि त्याच रात्री ते जामिनावर सुटले. मे २०२२ मध्ये केतकी चितळे या अभिनेत्रीला समाजमाध्यमावरील मजकुरासाठी महिन्याहून अधिक काळ कोठडीत राहावे लागले. कोणत्या प्रकरणात तथ्य किती, हा येथे मुद्दा नाही. मुद्दा असा की या प्रत्येक अटकेची जाहीर चर्चा झाली, प्रत्येकीचा हिशेब कोणी ना कोणी मागितला, आणि अटक करणाऱ्यांना तो थोडाफार द्यावा लागला.

हाच हिशेब एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यात मांडून पाहावा. जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाचा. सिरोंच्यापासून जिल्हा मुख्यालय दोनशे किलोमीटरहून दूर, आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ त्याच्याही पलीकडे नागपूरला. आरोपीची भाषा माडिया किंवा गोंडी, फिर्याद मराठीत, निकाल इंग्रजीत. गंभीर कलमांखालील कच्चे कैदी ठेवले जातात ते चंद्रपूर किंवा नागपूरच्या तुरुंगात. भेटीला जायचे तर घरच्या माणसाची दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते आणि एसटीचे भाडे वर. वकील मिळाला तर त्याची फी म्हणजे एका कुटुंबाचा तेंदूचा सबंध हंगाम. अशा ठिकाणी माणसाला आत टाकण्याची सत्तेला पडणारी किंमत जवळपास शून्य असते, आणि आत पडणाऱ्याला पडणारी किंमत सर्वस्वाइतकी. जी वस्तू फुकट मिळते तिचा वापर बेसुमार होतो, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे ज्याला प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांचा खटला म्हणतात, तो. खटला प्राध्यापकांच्या नावाने ओळखला जातो. त्यात एटापल्ली भागातील आदिवासी तरुणही आरोपी होते, हे कितीजणांना आठवते? ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांच्यापैकी दोघांना अटक झाली. ७ मार्च २०१७ रोजी गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने पाच आरोपींना जन्मठेप आणि एकाला दहा वर्षांची सक्तमजुरी दिली. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी नागपूर खंडपीठाने सर्वांना मुक्त केले, कारण खटल्याला लागणारी मंजुरीच कायद्याप्रमाणे नव्हती. दुसऱ्या दिवशी, शनिवार असताना, सर्वोच्च न्यायालयाचे विशेष पीठ बसले आणि त्या निकालाला स्थगिती मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयाकडे आले. ५ मार्च २०२४ रोजी दुसऱ्या पीठाने, या वेळी पुरावा तपासून, सर्वांना पुन्हा निर्दोष ठरवले. त्या दोन आदिवासी तरुणांपैकी एकजण ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे पहिल्या सुटकेच्या दोन महिने आधी, नागपुरात बंदिवासातच वारला होता. त्याची निर्दोष मुक्तता झाली ती मरणोत्तर. नव्वद टक्के अपंगत्व असलेले साईबाबा सुटल्यानंतर सात महिन्यांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, गेले.

याला सूड म्हणावे की तपासातील चूक म्हणावे, यावर वाद होऊ शकेल. सरकार म्हणेल की न्यायालयाने शिक्षा दिली होती आणि न्यायालयानेच सोडले. यंत्रणेने आपले काम केले. तसे असेल तर प्रश्न अधिकच बिकट होतो. ज्या यंत्रणेत कोणाच्याही मनात द्वेष नसताना साडेदहा वर्षे अशी जाऊ शकतात, ती यंत्रणा द्वेष असलेल्याच्या हाती पडली तर? त्याला नवे काही उभारावे लागणार नाही. रस्ता तयार आहे, फाटक उघडे आहे.

आणि हा रस्ता कोणा एका पक्षाने बांधलेला नाही. २०१३ साली अटक झाली तेव्हा दिल्लीत आणि मुंबईत काँग्रेसप्रणीत सरकारे होती. शिक्षा झाली तेव्हा दोन्हीकडे भाजपची. ज्या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली हे सारे घडले, त्यातील जामीन जवळजवळ अशक्य करणारी तरतूद मुंबईवरील हल्ल्यानंतर २००८ साली काँग्रेसच्या राजवटीत आली. संघटनेप्रमाणे एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करण्याचा अधिकार २०१९ साली भाजपच्या राजवटीत. प्रत्येकाने हत्याराला धार लावून ते पुढच्याच्या हाती दिले. महेश राऊत यांचे उदाहरण तर विलक्षण म्हणावे लागेल. केंद्र सरकारच्याच पंतप्रधान ग्रामविकास फेलो या योजनेतून हा तरुण गडचिरोलीत आला, ग्रामसभांबरोबर वनहक्क आणि तेंदू-बांबूच्या प्रश्नांवर काम करू लागला, आणि जून २०१८ मध्ये एल्गार परिषद प्रकरणात पकडला गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. त्या आदेशाला लगेच स्थगिती मिळाली. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रकृतीच्या कारणावरून अंतरिम जामीन मिळाला तोवर सात वर्षे उलटली होती, आणि खटला उभा राहिलेला नव्हता.

समाजवाद्यांनी या विषयावर बोलताना स्वतःची पाटीही पुसून घेतली पाहिजे. मिसा हा कायदा १९७१ साली देशाच्या सुरक्षिततेच्या नावाने आला. चार वर्षांनी त्याच कायद्याखाली मधू लिमये, मधू दंडवते, मृणाल गोरे यांच्यासारखी माणसे तुरुंगात गेली. शहा आयोगाच्या मोजणीप्रमाणे देशभर ३४,९८८ जण मिसाखाली स्थानबद्ध झाले. हे आपण वारंवार सांगतो. त्यापुढचे कमी वेळा सांगतो. १९७७ साली सत्तेवर आलेल्या जनता सरकारने मिसा रद्द करण्याच्या विधेयकातच प्रतिबंधक स्थानबद्धता फौजदारी संहितेत घालण्याचा घाट घातला होता, आणि टीका झाल्यावर तो सोडला. ३ ऑक्टोबर १९७७ रोजी इंदिरा गांधींना अटक झाली, ती इतक्या घाईने की दुसऱ्या दिवशी दंडाधिकाऱ्यांना त्यांना सोडून द्यावे लागले. डिसेंबर १९७८ मध्ये त्यांना लोकसभेतून काढून अधिवेशन संपेपर्यंत तुरुंगात ठेवले गेले. जनता सरकारने नऊ राज्यांच्या काँग्रेसी विधानसभा बरखास्त केल्या होत्या. १९८० साली परत आलेल्या इंदिरा गांधींनी नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करून ती परतफेड केली. महाराष्ट्राचे पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये गेले ते याच फेऱ्यात.

त्या फेऱ्याची एक विनोदी म्हणावी अशी शेपटी अजून वळवळते आहे. आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्यांना महाराष्ट्र शासनाने २०१८ साली मासिक मानधन सुरू केले. २०१९ साली सरकार बदलले, २०२० साली मानधन बंद. २०२२ साली पुन्हा सरकार बदलले, मानधन पुन्हा सुरू. मनमानी तुरुंगवासाची आठवण म्हणून दिलेला पैसाही मर्जीवर चालू-बंद होणारा ठरला!

ज्या सरकारने आणीबाणीतील बंदिवानांचा सन्मान केला, त्याच सरकारने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक आणावे, याला योगायोग म्हणावे काय? जुलै २०२४ मध्ये ते प्रथम मांडले गेले, डिसेंबरात पुन्हा मांडून संयुक्त चिकित्सा समितीकडे गेले. समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेने ते संमत केले. समितीने काही चांगले बदल केले, हे मान्य केले पाहिजे. व्यक्ती आणि संघटना असा सरसकट रोख होता, त्याऐवजी कडव्या डाव्या विचारांच्या किंवा तत्सम संघटना असे शब्द आले; सल्लागार मंडळाच्या रचनेत निवृत्त न्यायाधीश आले; तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. सरकारचा युक्तिवादही नीट ऐकला पाहिजे. छत्तीसगड, तेलंगण, आंध्र आणि ओडिशात असे कायदे आहेत, महाराष्ट्रात नाही, म्हणून नक्षलवाद्यांच्या आघाडीच्या संघटना येथे आश्रय घेतात. टीका करणाऱ्याला हा कायदा लागणार नाही.

परंतु कायद्याची भाषा आश्वासनापेक्षा टिकाऊ असते. सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा, कायद्याच्या अंमलबजावणीत हस्तक्षेप, प्रस्थापित कायदा व संस्था यांच्या अवज्ञेला उत्तेजन या गोष्टी विधेयकाने बेकायदेशीर कृत्यांत घातल्या. अवज्ञेला उत्तेजन! गांधीजींच्या १९३० च्या हाकेला याहून नेमकी व्याख्या कोणत्या विधितज्ज्ञाने दिली नसती. दोन ते सात वर्षांपर्यंत शिक्षा, गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र, संघटनेची जागा व पैसा जप्त करण्याचा अधिकार, आणि हे सारे सुरू होते ते शासनाच्या एका अधिसूचनेने. हिंसा करणाऱ्याला शिक्षा देण्यासाठी याआधीचे कायदे पुरेसे होते. या कायद्याने नवे काय मिळवले, तर हिंसा न करणाऱ्या संघटनेपर्यंत पोहोचण्याची वाट.

ती वाट कुठे जाते हे पाहण्यासाठी गडचिरोलीची पूर्व सीमा ओलांडली की पुरे. छत्तीसगडचा विशेष जनसुरक्षा कायदा २००५ चा. डॉ. बिनायक सेन यांच्यासारखा बालरोगतज्ज्ञ त्याच कायद्याखाली मे २००७ मध्ये अटकेत गेला. २०२४ च्या ऑक्टोबर अखेरीस बस्तरमधील मूलवासी बचाव मंचावर याच कायद्याने बंदी आली. त्या मंचावर ठेवलेला ठपका हा, की तो विकासकामांना आणि सुरक्षा दलांच्या तळांना विरोध करतो, लोकांना चिथावतो. बंदुकीचा उल्लेख करण्याची गरज पडली नाही.

आता सीमेच्या अलीकडे यावे. सुरजागडच्या टेकड्यांतील लोहखनिजाचा ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा २००७ साली एका कंपनीला मिळाला. भोवतालच्या सत्तर गावांच्या इलाक्याचे दैवत ठाकूरदेव त्याच डोंगरांत आहे. मार्च २०२३ मध्ये उत्पादन वर्षाला एक कोटी टनांपर्यंत वाढवायला पर्यावरण मंजुरी मिळाली. तीपूर्वीची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती खाणीजवळ नव्हे, तर सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या गडचिरोली शहरात. त्याच मार्च महिन्यात एटापल्ली तालुक्यातील तोडगट्टा येथे आणखी नव्या खाणींच्या विरोधात गावकरी ठाण मांडून बसले. सुमारे अडीचशे दिवस ते बसले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये शेजारच्या वांगेतुरीत पोलिसांचा नवा तळ उभा राहिला, आंदोलन मोडले गेले, झोपड्या गेल्या, काहींना अटक झाली. पोलिसांचे म्हणणे असे की आंदोलकांनी दलाची वाट अडवली आणि त्यांच्यामागे नक्षलवादी होते. नवा कायदा तेव्हा नव्हता. पुढच्या वेळी तो असेल, आणि वाट अडवणे व कायद्याच्या अंमलबजावणीत हस्तक्षेप करणे यांत किती अंतर आहे, ते प्रथम शासनच ठरवील.

खाणीला विरोध करणारे सर्वच बरोबर असतात असे नाही. रोजगार हवा असलेले आदिवासी तरुणही त्याच गावांत आहेत, आणि कोनसरीच्या पोलाद कारखान्याकडे ते आशेने पाहतात. पण विकास कोणता हवा, याचा निर्णय वादातून व्हायचा असेल तर वादाच्या दोन्ही बाजूंना उभे राहण्याची जागा लागते. १९८० च्या दशकात याच गोदावरी-इंद्रावतीच्या खोऱ्यात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले. तेव्हाही दिल्ली आणि मुंबई एकाच पक्षाच्या हाती होत्या. धरणे मात्र थांबली. कारण आनंदवनाचे बाबा आमटे आणि आदिवासींचे नेते लाल श्यामशाह आघाडीवर होते, आणि त्यांच्या अंगाला हात लावण्याची किंमत सरकारला परवडणारी नव्हती. तोडगट्ट्याच्या झोपडीत बसलेल्यांच्या वाट्याला असे कवच नव्हते.

या प्रदेशातील सूडाची कथा शासनापुरती सांगितली तर ती अर्धी राहील. चार दशके येथे आणखी एक पक्ष होता, ज्याच्या सत्तेवर कोणताही अंकुश नव्हता. त्याला विधानसभा नव्हती, अपील नव्हते, उलटतपासणी नव्हती. पोलिसांचा खबऱ्या या एका शब्दावर त्याने किती आदिवासींचे गळे चिरले! मे २०१९ मध्ये जांभुळखेड्याला पंधरा पोलीस आणि एक वाहनचालक स्फोटात मारले गेले. मरणारे आणि मारणारे बहुतेक वेळा याच मातीतले. एकपक्षीय सत्ता टोकाला गेली की कशी दिसते, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी माओवाद्यांच्या ‘जनअदालती’कडे पाहावे, तेथे फिर्यादी, न्यायाधीश आणि जल्लाद एकच असे. त्या पक्षाचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव, ऊर्फ भूपती, ऑक्टोबर २०२५ मध्ये साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवून उभा राहिला, ही आनंदाचीच घटना होती. पण मग एक साधा प्रश्न उरतो. बंदूक खाली ठेवली जात असताना कायद्याचा पट्टा का घट्ट करण्यात आला? रोग ओसरताना औषधाची मात्रा वाढवणाऱ्या वैद्याला रुग्णाच्या घरच्यांनी कारण विचारायला हवे.

अंकुश केवळ सभागृहात असतो असेही नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे म्हटले तेव्हा पुष्कळांना ती घोषणा भाबडी वाटली होती. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही वनखाते बांबूच्या वाहतुकीचा परवाना देईना. बांबू हा वृक्ष आहे, गौण वनोपज नव्हे, असा खात्याचा हट्ट. हक्क कागदावर आणि बांबू जंगलात. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कित्येक वर्षांच्या चिकाटीचे ते फळ होते. त्या दिवशी नेमके काय बदलले? बांबू तोच, जंगल तेच. परवाना अडवून गावाला नमवण्याचे एक साधन सरकारच्या हातून गेले.

पुढे पेसा कायद्याच्या नियमांनंतर अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या, कोरची तालुक्यात नव्वदएक ग्रामसभांनी आपली महाग्रामसभा उभी केली. या पैशाचे महत्त्व मजुरीपेक्षा मोठे आहे. स्वतःचा पैसा असलेली ग्रामसभा वकील लावू शकते, नागपूरला माणूस पाठवू शकते, आमदाराच्या निधीवाचून वर्ष काढू शकते. २०२२ साली सरकार बदलताच आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या कामांना स्थगिती मिळाली आणि प्रकरणे उच्च न्यायालयापर्यंत गेली. निधी हेही सूडाचेच साधन आहे आणि सर्व पक्ष ते वापरतात. ज्या गावाच्या खात्यात तेंदूचे पैसे आहेत त्या गावावर हे साधन बोथट पडते. म्हणूनच जप्तीच्या तरतुदीकडे दुर्लक्ष करता येत नाही. कायद्याने स्थापिलेल्या ग्रामसभेला बेकायदेशीर ठरवणे अवघड आहे; पण ग्रामसभांचा संघ, त्याला सल्ला देणारी संस्था, तिच्या मदतीला आलेला कार्यकर्ता यांना तसे संरक्षण नाही. तेंदूच्या व्यवहारातून नक्षलवाद्यांना खंडणी जाते, हा संशय जुना आहे आणि तो सर्वस्वी निराधारही नव्हता. कोणत्याही खात्याकडे बोट दाखवण्यासाठी तेवढा संशय पुरेसा होतो.

मग विरोधी पक्षांनी काय करावे? आपले सरकार आले तर या कायद्याचा दुरुपयोग होणार नाही, असे सांगणे हे उत्तर नव्हे. ते तर सध्याचे सरकारही सांगते. रद्द करू, असे जाहीरनाम्यात लिहावे, आणि त्याबरोबर बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यातील स्वतः घातलेल्या जामिनाच्या अटीविषयीही लिहावे. गडचिरोलीच्या कच्च्या कैद्यांसाठी गोंडी-माडिया जाणणारे वकील आणि दुभाषे शासनाच्या खर्चाने नेमण्याची मागणी करायला बहुमत लागत नाही. खाणीची सुनावणी खाणीच्या गावातच व्हावी, हे म्हणायलाही नाही. विधान परिषदेत विरोधकांनी जुलै २०२५ मध्ये सभात्याग केला. आदल्या दिवशी विधानसभेत आवाजी मतदान झाले, आणि विधेयकाला उघड विरोध नोंदवणारे सदस्य म्हणून वृत्तपत्रांत एकच नाव आले, मार्क्सवादी पक्षाचे विनोद निकोले यांचे. ते डहाणूचे. गडचिरोलीहून डहाणू हे राज्याचे दुसरे टोक आहे.